अर्धी कादंबरी

अहो,

मी आदितीकडं कबनूरला चाललेय. लेकीच्या लग्नाला वर्ष झालं, तुम्ही अजून तिच्या घरात पाय ठेवला न्हाय. पुन्हा वाद नको, म्हणून तुम्ही मॅच बघून यायच्या आतच निघाले. आमटी गरम करून घ्या.

ह्या महिन्यात ती जाडजूड कादंबरी संपवायचीच, असं तुम्हीच ठरवलंय की! मग रोजची पानं चुकवू नका. शिवण उसवून पुस्तकाचे दोन तुकडे झालेच होते, त्यातला मागचा मी पिशवीत घातलाय. तुमच्याकडचा रविवारपर्यंत संपंल. उरलेलं वाचायला तिकडंच यायचं. जावयानं तुमच्यासाठी खिडकीपाशी खुर्ची मांडलीया. चष्मा विसरू नका.

न्हाय आलासा, तर शेवट मी फोनवर सांगून टाकीन.

चंदना