मोटारीला पाजलेली हळद

१२ फेब्रु. १९४६, सातारा
सांगलीहून इंदूच्या सासऱ्यांचा निरोप: सुनेला पहिल्या बाळंतपणाला खुशाल न्या, पण त्या गाडीतून नको. त्या गाडीतून! पलटणीतून सुटून आल्यावर घेतली तेव्हाच ती म्हातारी होती, कबूल. मैलांचा आकडा दोनदा भरून पुन्हा शून्यावर आला, तेही कबूल. पण तिनं मला आजवर पायी घरी पाठवलेलं नाही. पलटणीत जन्मभर लॉऱ्या हाकल्या मी, आणि हे हळदीचे आडत्ये मला मोटार शिकवणार.
ही म्हणते, आठवा लागला की पोरीला हलवत नाहीत. म्हणजे जेमतेम तीन आठवडे. सर्व्हिस मोटारीत कोंबून आणू का तिला?

१५ फेब्रु., सांगली
गाडी दाखवायलाच आलो. रेशनचं साठवलेलं पेट्रोल घातलं. आता एकाच खेपेचं उरेल, पण इभ्रतीचा प्रश्न.
वाटेत टिपूस गळला नाही. व्याह्यांच्या दारात उभी केली आणि रेडिएटर ठिबकायला लागला. त्यांच्याच दारात!
"आवं पावणं, हळद घाला की. लॉरीवालं समदं त्येच करत्यात."
चिमूटभर पुरते, हे मला ठाऊक आहे. मी तोंड उघडेपर्यंत व्याह्यांनी वखारीतून ओंजळ भरून आणली आणि टोपण काढून ओतलीसुद्धा. "घरची हाय, हात कशाला आखडायचा?" वर आणखी एक ओंजळ. अख्खी पेठ बघत होती.
गळती थांबली. हे लिहायलाच हवं.

१६ फेब्रु.
परतीला पेठ गावाच्या पुढं उकळली. कराडच्या अलीकडं पुन्हा उकळली. उंब्रजला तर नुसती वाफ. एक शहाणा म्हणतो, बैल जुंपा. त्याला काय बोललो ते इथं लिहीत नाही.
पोर गाडीत असती तर?

१८ फेब्रु.
इस्माईल मिस्त्रीनं रेडिएटर उतरवला. नळ्यांत पिवळा चिखल. माझ्यावरच डाफरला.
"हवालदार, मोटार हाय का कालवण? कुणी घातली एवढी?"
"व्याह्यांनी."
"मग नको म्हणायचं न्हाई व्हय?"
मुलीच्या सासऱ्याचा हात धरू? तेही त्याच्या दारात, तो प्रेमानं देत असताना? मिस्त्रीला स्वतःला चार मुली. पाना उचलून कामाला लागला.

२२ फेब्रु.
धुण्याचा सोडा, उकळतं पाणी, रोज तेच. अजून पिवळंच येतंय. धोतर पिवळं, हात पिवळे. शेजारीण विचारते, लग्न कुणाचं? हिला हसू आवरत नाही. मला अजिबात येत नाही.
दोन नळ्या कायमच्या बंद कराव्या लागल्या. गळतीला कथलाचा डाख दिला. नवा रेडिएटर मिळत नाही. लढाई संपली म्हणतात, मग सुटे भाग कुठल्या आघाडीवर आहेत?
मिस्त्री: "सावकाश जावा. चढाला दम द्या तिला."

२६ फेब्रु.
व्याह्यांचा निरोप: हळद लागू पडली ना? आता काळजी न्हाई, या घेऊन गाडी.
संताप संताप झाला. गाडीचा जीव घ्यायला निघाले होते, आणि वर श्रेय! खरमरीत उत्तर लिहायला बसलो. हिनं दौत उचलून नेली.

२ मार्च, सांगली
थंड वेळेला निघालो, न उकळता पोचलो. व्याही पेठेत ज्याला त्याला सांगतायत, गाडी मीच बरी केली. मी दातओठ खात मान डोलावतो. पोरगी न्यायची आहे.
"जाताना आनी थोडी घालू का?"
टोपणावर तळहात दाबून उभा राहिलो. चांगलंच तापलेलं होतं.
इंदूचे पाय सुजलेत. ओटी भरून झाली. उद्या निघायचं.

३ मार्च, कोयनेच्या पुलाअलीकडं
ओवाळण्यात, निरोपात उशीर झाला, ऊन चढलं. पारा वर गेला म्हणून आंब्याखाली उभी केली. खाली ओघळ दिसतोय. डाखाचा की दुसराच, वाकून बघायचं धाडस होत नाही.
"अण्णा, बंद पडली?"
"छे गं. दम देतोय तिला."
निघताना विहीणबाई बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमची लेक लय भांडली ह्यांच्यासंगं. जाईन तर आण्णांच्याच गाडीतनं, न्हाईतर जात न्हाई म्हनली." हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी समजत होतो, व्याह्यांना हळदीनं पटवलं.
राग येतोय. व्याह्यांचा, त्या लढाईचा, आणि टोपण उघडू देणाऱ्या माझा सगळ्यांत जास्त.
मागं इंदूला झोप लागली आहे, हात पोटावर. पाणी भरलं. हँडल मारायला दोनदा उठलो आणि पुन्हा बसलो. गाडी सुरू झाली नाही तर आवाजानं इंदू जागी होईल, आणि मग तिला काय सांगू?
अजून थोडी निवू दे.