विजार कोणी शिवली

१२ नोव्हेंबर

ती. आईंना,

जावयाचा नमस्कार. खरं तर वाकून करायला हवा, पण जहाजातून उतरून आठवडा झाला तरी पायाखालची जमीन अजून हलतेच आहे, तेव्हा हा उभ्यानेच घ्या. मी खुशाल आहे. तुमची लेक म्हणाली होती, आधी आईला पत्र टाक, मला मागून टाकलंस तरी चालेल. तिला म्हणावं, टाकलं.

प्रवासात आमचा गाण्याबजावण्याचा सगळा कंपू आडवा झाला होता. एकट्या गायिकाबाई ठणठणीत. त्या तिन्ही वेळा पोटभर जेवायच्या आणि वर आमच्या ताटातलंही संपवायच्या. अन्न वाया गेलेलं त्यांना बघवत नाही म्हणे.

इथे फौजेच्या छावणीत पत्र्याच्या लांबलचक शेड आहेत, धूळ आहे आणि वारा आहे. वारा इतका की वाजवायचे कागद स्टँडला कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवावे लागतात. दोन ट्रक पाठीला पाठ लावून उभे केले की झालं आमचं स्टेज. समोर सगळी पोरं जमिनीवर मांडी घालून बसतात. बिचाऱ्यांनी कित्येक महिन्यांत काही ऐकलेलं नाही, त्यामुळे काहीही वाजवलं तरी टाळ्या. तुम्ही जिला पिपाणी म्हणता त्या माझ्या ट्रम्पेटला इथे पुन्हा पुन्हा स्टेजवर बोलावतात. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

एक फजिती मात्र झाली. परवाच्या कार्यक्रमात वरचा सूर ओढताना मी जरा जास्तच मागे वाकलो आणि विजार मागून उसवली. चांगली वीतभर. आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला. आमचा अकॉर्डियनवाला म्हणतो, तोही बरोबर सुरात लागला. मी प्रेक्षकांना पाठ न दाखवता, हसऱ्या चेहऱ्याने, एकेक पाऊल मागे सरकत पडद्याआड गेलो. तिथे विजार उतरवून दिली, आणि बाईंचं गाणं संपायच्या आत ती शिवून परत हातात आली. टीप इतकी बारीक आणि दोऱ्याची गाठ आतल्या दुमडीत अशी दडवलेली, की कुठे उसवली होती ते मला अजून सापडलेलं नाही.

निघताना तुम्ही हातशिलाई करता करता, मान वर न करता एवढंच म्हणाला होतात, "तिकडे पोरं बरीच असतील." मी हो म्हणालो होतो. बरीच आहेत. सगळी जेवूनखाऊन बरी आहेत. काळजी करू नका. हे मी कोणाबद्दल लिहितो आहे ते मलाच नीट सांगता येणार नाही, पण करू नका.

तुमचा जावई


२९ नोव्हेंबर

ती. आईंना,

नमस्कार. पाकीट जाड होतं म्हणून मी खूश झालो. आत तुमच्या लेकीचं चार पानी पत्र, आणि तुमचा एका ओळीचा चिठोरा. "विजार कोणी शिवली?" ना खुशाली, ना आशीर्वाद.

धाकट्याने शिवली, आई. तुमच्या धाकट्याने.

तो इथेच आहे. त्या दिवशी पडद्याआड मी विजार सावरत उभा, आणि सुईदोरा घेऊन कोण आलं, तर माझा मेहुणा. इतक्या वर्षांनी भेट झाली ती अशी. मी तोंड उघडलं तर म्हणाला, "भावजी, आधी विजार द्या. मग बोलू."

तुमच्या शिलाईच्या दुकानात बसणार नाही म्हणून तो फौजेत निघाला, तेव्हा तुम्ही रागाच्या भरात "मग परत येऊ नकोस" म्हणालात. तुम्ही ते संध्याकाळपर्यंत विसरलाही असाल. त्याने हुकूम समजून पाळला. फौजेत हुकूम पाळायला शिकवतात, हा घरूनच शिकून आला होता.

आता मागच्या पत्रात जे लिहायचं टाळलं ते. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आहेत, करंगळी आणि तिच्या शेजारचं. लढाईत नाही. ट्रकचं चाक बदलताना जॅक निसटला. जखम कधीच भरली आहे, आता दुखत नाही. मी स्वतः तो हात हातात घेऊन पाहिला, म्हणून सांगतो. मग त्याला हलकं काम म्हणून कपड्यांच्या कोठारात बसवलं. तिथे कोपऱ्यात एक जुनं शिलाई मशीन पडून होतं. ज्या मशीनपासून पळून हा समुद्र ओलांडून आला, त्याच मशीनवर दिवसभर बसतो. तीन बोटांनी सगळी छावणी शिवतो आहे. मोठे साहेबसुद्धा पोट सुटलं की विजार सैल करून घ्यायला मागच्या दाराने येतात.

मी विचारलं, "मग घरी एक ओळ का नाही टाकलीस?"

"काय टाकू? काहीतरी मोठं करून दाखवतो म्हणून निघालो, आणि जॅकखाली हात घालून बसलो. आता कोणत्या तोंडाने जाऊ? तेव्हा दुकान नको म्हणालास, आता हात मोडल्यावर आलास का, असं कोणालाही वाटेल."

"आई असं म्हणतील?"

"नाही म्हणणार," तो म्हणाला. "तेच अवघड आहे."

महिनाअखेरीला त्याला फौजेतून मोकळं करणार आहेत. इथल्याच बंदरात काहीतरी काम बघायचं आणि राहायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. मी इथे आहे हे आईला कळवायचं नाही, असा माझ्याकडून शब्दही घेतला. मी दिला. म्हणून मागचं पत्र तसं होतं. मात्र शिवणीबद्दल लिहायचं नाही असं तो म्हणाला नव्हता, आणि गाठ अगदी तुमच्या पद्धतीने दडवली होती हे वाचून तुम्ही गप्प बसणार नाही, एवढी सासू मी ओळखतो.

काल तुमचा चिठोरा त्याला नेऊन दिला. मशीनवर होता. त्याने वाचला. पुन्हा वाचला. हसला, आणि हसता हसता मान खाली घालून मशीन चालवायला लागला. सुईत दोरा नव्हता. बराच वेळ ते मशीन नुसतंच धडधडत राहिलं. मग पाय थांबवून त्याने विचारलं, "भावजी, तुमच्या जहाजावर जागा आहे का?"

आहे. साहेबांनीही परवानगी दिली, जरा नाखुशीनेच, कारण त्यांची एक विजार अजून अर्धवट आहे. गायिकाबाईंनी तर त्याला आमच्या कंपूचा शिंपी म्हणून जाहीरच केलं आणि तीन झगे सैल करायला दिले. जहाजावरच्या जेवणाची त्यांनी आधीच तयारी ठेवली आहे.

तुम्ही याचं उत्तर लिहू नका. ते पोचेपर्यंत आम्ही निघालेलो असू. जे म्हणायचं ते समोर म्हणा. उतरताना त्याचा हात खिशात असेल, ती त्याची आता सवय झाली आहे. तुमच्याशी फटकून वागतो आहे असं समजू नका. बोटांचं काही विचारायचं असेल तर घरी गेल्यावर, जेवण झाल्यावर विचारा. आणि रडायचं असेल तर मी सामान उतरवायला जाईन तेव्हा दोघंही रडून घ्या. मी वेळ लावीन.

जहाज डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी दुपारी लागेल. आईला धक्क्यावर येऊ नको म्हणावं, गर्दी असते, तिला उगाच त्रास, असं लिहायला त्याने मला बजावून सांगितलं आहे. तसं लिहिलं. पण लिहून झालं का, म्हणून तो सकाळपासून तीनदा विचारून गेला, आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "अगदी येऊच नको असं नका लिहू."

मी तुमच्या जागी असतो तर सकाळीच दुकान बंद करून धक्क्यावर जाऊन उभा राहिलो असतो.

तुमच्या मुलाला घेऊन येणारा,
जावई