हिरव्या जोडीमध्ये निळी

१२ जाने., कन्हेरी
दुपारी उसाची ट्रॉली रस्त्यावरची नेटची केबल तोडून ओढत घेऊन गेली. आपलं घर ते डेअरी, ह्यांनी टाकलेली. डेअरीचे सचिव तात्या दारातूनच बोलले. दुधाची नोंद नेटवर, इंदापूरच्या केबलवाल्याला विचारलंय म्हणाले. मी म्हटलं, मी करते. "वैनी, तुमी?" एवढंच. डेअरीचं कनेक्शन गेलं की बाकीची घरंही जातील. ह्यांनी उभं केलेलं तेवढंच उरलंय.

१३ जाने.
हे जाऊन सव्वा महिना झालेला नाही, उंबरा ओलांडायचा नाही. म्हणून नव्या केबलला दोन्हीकडचे प्लग घरातच बसवले. डेअरीच्या माणसाने नेऊन ओढली. आठ तारा, रंगांच्या जोड्या नीट शेजारीशेजारी. तारा तपासायच्या टेस्टरवर आठही दिवे लागले. नेट चालू.

१४ जाने.
संक्रांत. बायका वाण घेऊन आमचं दार सोडून पुढे गेल्या.
सकाळी डेअरीत लोक दूध घालताना नेट सारखं तुटलं. टेस्टरने ठीक दाखवलं होतं, तरी तुटतं. तात्यांचा फोन. परवा सकाळीही असंच झालं तर इंदापूरवाला.
काय चुकलं कळत नाही.

१५ जाने., दुपार
अंगणात जुनी केबल पडून होती. ह्यांचा प्लग पारदर्शक, उन्हात धरून पाहिला. हिरव्या जोडीच्या दोन तारा फाकवून मध्ये निळी जोडी. मला ही त्यांची घाई वाटायची.
त्यांचं बोलणं आठवलं. "सिग्नल एका तारंनं जात न्हाय, जोडीनं जातो. पीळ दिलेल्या दोघी बरोबर असल्या की बाजूचा गोंधळ आत येत न्हाय." नेटचं मशीन प्लगच्या तीन आणि सहा नंबरवर एक जोडी मागतं. मी तिथे दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारा दिल्या. जवळच्या जवळ चाललं असतं, इतक्या लांब नाही.
घरचं टोक त्यांच्यासारखं बदललं. आता नेट पूर्ण बंद. दुसरं टोकही तसंच हवं, ते डेअरीत.
सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मागल्या दारानं जा. कुणी इचारलं तर म्या धाडलंय म्हन."

संध्याकाळ
डेअरीत रांगेतली माणसं बोलायची थांबली. पहिला प्लग वाया गेला. दुसरा बसला. दिवा लागला. तात्या स्क्रीनकडे बघत म्हणाले, "सकाळचं दूध होऊ द्या, मग बघू."
मागच्या दारानेच परत. ह्यांचा प्लग कापला नाही, जुनी केबल तशीच गुंडाळून खुंटीला लावली. तारांचे रंगीत तुकडे घरभर झाले होते. झाडून सुपलीत भरले.