पायाळू होती का?

१४ ऑक्टोबर १९८६, मंगळवार

दुपारपासून एकच प्रश्न ऐकतेय. पायाळू होती का?

काल डोंगरावर वीज पडून मेंढरं राखणारी सखूबाई गेली. आज तिच्या दारात जो तो तिच्या आईला हेच विचारत होता. पायांकडून जन्मलेल्या माणसावर वीज पडते म्हणे. म्हातारी रडायचं सोडून प्रत्येकाला सांगत होती, "न्हाई ओ, डोक्याकडूनच जलमली व्हती माही लेक." जणू गुन्हा सखूबाईचाच.

ती झाडाखाली का उभी होती, हे कुणी विचारलं? पाऊस आला तेव्हा आधी ती डोंगरालगतच्या शेतातल्या आमच्या आखाड्यावर, पत्र्याच्या खोपीकडंच आली होती. मी आत पत्र्याखाली होते. म्हटलं, "काका, येऊ द्या तिला." काका म्हणाले, "सेलूच्या बाजाराला न्यायचा कापूस हाय. मेंढरं तोंड लावतील." आणि फाटक लावून घेतलं. डोंगरावर दुसरा आडोसा नाही. ती झाडाखाली गेली.

आणि आज सगळ्यांत मोठ्यानं काकांनीच विचारलं, पायाळू होती का?

आत्ता त्यांनी ओसरीवरून हाक मारली. "पाठीत उसण भरली गं, जरा पाय लावून जाय." पायाळूच्या पायानं उसण उतरते, म्हणून लहानपणापासून अख्खं गाव मला बोलावतं.

गेले. ते पालथे पडले होते. म्हटलं, "काका, पायाळू तर मी हाय. काल तुमच्या पत्र्याखाली कोरडी उभी व्हते."

पाय लावला नाही. मी आत आले आणि दार लावून घेतलं.

अजून कण्हायलेत. कण्हू देत.