सहाव्या पानापर्यंत

११ जानेवारी, रविवार

चाळीस मिनिटं! चाळीस मिनिटं तो टायवाला प्राध्यापक एकच वाक्य घोळवत होता — नागरिक हा प्रशासनाचा केंद्रबिंदू आहे. बाबा रे, तुझा केंद्रबिंदू एकोणीस वर्षं माझ्या खिडकीसमोर रांगेत उभा आहे. त्याला स्वतःच्या बापाच्या नावातली वेलांटी सांगता येत नाही, फॉर्म उलटा धरतो आणि पेन माझंच मागतो. परतही देत नाही. हे टाक की तुझ्या स्लाइडमध्ये.

लोकप्रशासनात ऑनलाइन एम.ए. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. हौस नाही. आमचे विभागप्रमुख मार्चमध्ये निवृत्त होतायत आणि त्या खुर्चीला आता पदव्युत्तर पदवी लागते. जन्म-मृत्यू नोंदणीतलं मला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या इमारतीत कुणाला कळत नाही — पण कागद हवा! शेजारच्या टेबलावरच्या गुळगुळीतने तो कधीच मिळवलाय. माणूस असा की त्याच्यावर शाईचा डागसुद्धा टिकायचा नाही. असो. शेवटचं सत्र. एवढं एक झालं की सुटले.

तास चालू असताना सासूबाई कॅमेऱ्यासमोरून तीनदा गेल्या. तिसऱ्या वेळी थांबल्या, प्राध्यापकाला नीट निरखलं आणि म्हणाल्या, "हा जेवलाय का गं?" माझा माइक चालू होता. सगळ्या वर्गाने ऐकलं. तो मात्र केंद्रबिंदूवरून हलला नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

पासवर्ड बदला म्हणे. त्यात एक विशेष चिन्ह हवं. उद्गारचिन्ह टाकलं. मनात तेच होतं.

२५ जानेवारी, रविवार

शेवटचा पेपर — "एका सरकारी खिडकीचा अभ्यास". बारा पानं. जवळचं कुठलंही कार्यालय निवडा, महिनाभर निरीक्षण करा, लिहा, असं डिसेंबरातच सांगितलेलं. आज पाठवला. आणि तपासणार कोण? आपणच! आमच्या केंद्रावरचे नऊजण एकमेकांचे पेपर तपासणार. नावं झाकलेली, नुसते क्रमांक. वर म्हणे, "यातून परस्परांकडून शिकण्याची वृत्ती वाढते." सरळ सांगा ना, तपासायचा कंटाळा आलाय. हे आठजण तरी कोण, देव जाणे. वर्गात सगळ्यांचे कॅमेरे बंद. मी एकटीच मूर्खासारखी कॅमेरा लावून, हात वर करून प्रश्न विचारते.

मी वीजबिलाचं कार्यालय घेतलंय. तिथला कारकून मागे माझ्याशी जे बोलला होता ते मी विसरलेले नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

मला तपासायला आलेला पेपर — क्रमांक ४४१७. उघडला आणि कपाळावर हात मारला. संदर्भसूची नाही. तक्ते हाताने पट्टी लावून आखलेले आणि फोटो काढून चिकटवलेले! "निष्कर्ष" या शब्दात ष अर्धा की पूर्ण, याची चार वेगवेगळी उत्तरं. एका तज्ज्ञाचं नाव नाही की व्याख्या नाही. या माणसाने नुसतं बघितलंय आणि मोजलंय. रांगेत किती जण, किती वेळ उभे, किती जण काम न होता परत गेले.

खिडकीवर एक बाई आहे. रांग वाढली की चष्मा काढून पुसते — एका दिवसात अकरा वेळा. "वाचता येतं ना?" हा प्रश्न दिवसाला सरासरी चौदा वेळा. एक म्हातारे शिंपी बायकोच्या मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव दुरुस्त करायला सहा वेळा येतात. दर खेपेला नवा कागद मागितला जातो. पाचव्या खेपेचा कागद आणि दुसऱ्या खेपेचा कागद एकच होता, असं लिहिलंय.

समासात मी शेरा मारला — "अशा बाईला खिडकीवर बसवणारा अधिकारी कोण? हिची तक्रार अजून कुणी केली नाही?"

मग सहावं पान. "खिडकीच्या काचेला डाव्या कोपऱ्यात तडा आहे. त्यावर बाईंनी पाकीट चिकटवायची खाकी पट्टी लावली आहे."

ती पट्टी मी लावली आहे.

पहिल्यांदा हसूच आलं. मग कानशिलं तापली. मी! माझी खिडकी! कोण हा भामटा महिनाभर माझ्यासमोर बसून माझा चष्मा मोजत होता?

पुढचं पानसुद्धा उलटलं नाही. चोवीस गुण दिले. पास व्हायला चाळीस लागतात. खाली शेरा — "निरीक्षणाच्या नावाखाली टवाळी. लेखकाला प्रशासन म्हणजे काय याचा गंधही नाही. काम करणाऱ्यांकडे बघत बसणं हे संशोधन नव्हे, रिकामपण आहे." पाठवूनही टाकला.

यांनी विचारलं, "काय गं, एवढी लाल का झालीस?" म्हटलं, परस्परांकडून शिकतेय.

९ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर माणसं निरखली. गुळगुळीत? नाही, तो पट्टीने रेघ मारणार नाही, हात खराब होतील. रांगेतला वहीवाला पोरगेला वकील? फोटोकॉपीवाली? दारावरचे वॉचमनमामा — नऊ वर्षं दाराशी स्टुलावर, रांगेला टोकन देतात. त्यांनाच विचारलं, "मामा, इथे कुणी रोज येऊन बसतं का हो?" म्हणाले, "रोज बरेच जण येतात, मॅडम. कामच होत नाही ना." काय बोलणार अशा माणसाशी!

आणि कोणी मोजतंय म्हणून मी दिवसभर गोड! एका आजींना "या, बसा" म्हणाले. तिथे बसायला खुर्ची नाही. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. चष्मा एकदाही पुसला नाही. पाचपर्यंत समोरचं सगळं धुरकट.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

शिंपी आला. सातव्यांदा. आल्या आल्या पिशवीतून सगळे कागद काढून ओळीने मांडायला लागला, जसा काही मीच गिऱ्हाईक. म्हटलं, राहू द्या. रजिस्टर काढलं. चूक आमचीच होती — "सुमन"चं "सुमान" आम्हीच केलेलं. खोडलं, सही केली, शिक्का मारला, नवा दाखला हातात दिला. अकरा मिनिटं.

त्याने बोट ठेवून बायकोचं नाव वाचलं. दोनदा. मग म्हणाला, "एवढंच होतं?"

मी म्हटलं, "हो. एवढंच होतं."

रागावला असता तर बरं झालं असतं. मेला आभार मानून गेला.

२ मार्च, सोमवार

निकाल! माझे एकाहत्तर. वीजबिलवाल्या कारकुनाची मी जी सालटी काढली ती कुणा तपासणाऱ्याला भलतीच आवडली — "धारदार" म्हणे. पदोन्नतीच्या यादीत पहिलं नाव माझं. गुळगुळीत येऊन म्हणाला, "अभिनंदन, मॅडम, खुर्चीला शोभाल." म्हटलं, खुर्ची मला शोभते का ते बघू.

सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं की सून आता साहेब होणार. मी आतून ऐकलं. थोडी सुखावले. थोडीच.

५ मार्च, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत वॉचमनमामा खिडकीपाशी आले. हातात कागदांची चळत. "मॅडम, तुम्ही पण तो एम.ए.चा कोर्स करता ना?"

तुम्ही पण! म्हटलं, म्हणजे?

"मी पण करतो. मोबाइलवर. शेवटच्या पेपरात नापास झालो. चोवीस पडले." मग जरा थांबून, "फेरतपासणीचा अर्ज कसा करायचा असतो, तेवढं सांगाल? पेपर इथे ठेवून जातो. वेळ मिळाला तर बघा."

ठेवून गेले. वरच पट्टीने आखलेला तक्ता.

आधी वाटलं, फाडून टाकावा. नऊ वर्षं माझ्या खिडकीकडे तोंड करून बसलाय! मग सहावं पान ओलांडलं. सातव्यावर पहिलंच वाक्य —

"या खिडकीमागे तीन खुर्च्या आहेत. मंजूर पदं तीन आहेत. सहा वर्षांपासून दोन खुर्च्यांवर फायली ठेवलेल्या आहेत. म्हणजे वरील सर्व आकडे एका माणसाचे नसून तीन माणसांचे आहेत."

पुढे सगळा हिशेब — मी रोज किती दाखले काढते, शेजारच्या दोन कार्यालयांत तेवढ्यालाच किती माणसं आहेत. मी गेल्या वर्षी तापात चार दिवस आले, त्याच्या तारखा. अकराव्या पानावर — "बाईंचा काहीच दोष नाही असे नाही. परंतु सकाळी दहा वाजता त्या चौदापैकी एकदाही 'वाचता येतं ना' म्हणत नाहीत. सर्व चौदा वेळा दुपारी दोननंतरचे आहेत." शेवटच्या पानावर सूचना: दोन माणसं भरा, रांगेला बाक द्या, आणि बाईंना दुपारी वीस मिनिटं खिडकी बंद करायचा अधिकार द्या.

एकोणीस वर्षांत माझ्यासाठी कुणी वीस मिनिटं मागितली नव्हती. मीसुद्धा नाही.

आणि मी लिहिलं, "रिकामपण". वा मॅडम. वा!

६ मार्च, शुक्रवार

चौकशी केली. फेरतपासणीत फक्त गुणांची बेरीज बघतात. चोवीसची बेरीज चोवीसच येणार. मामांना विचारलं, कोर्स कशासाठी? "रेकॉर्ड रूममध्ये एक जागा निघालीय. जूनला आमच्या एजन्सीचं कंत्राट संपतं. एम.ए. असलं तर अर्ज घेतील." घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं सांगितलं.

८ मार्च, रविवार

घरी सांगून टाकलं. तपासणाऱ्याने स्वतःच लिहून दिलं की पेपर पूर्ण वाचला नव्हता, तर पेपर नव्याने तपासतात. नियम चौदा. त्याच चौदाचा पुढचा भाग — अशा तपासणाऱ्याचा स्वतःचा पेपर रद्द. पुन्हा सत्र. म्हणजे यादीतून नाव गेलं.

हे बराच वेळ वर्तमानपत्राची घडी घालत बसले. "कुणाला कळणार आहे?" म्हणाले. चांगला माणूस आहे, पण प्रश्न अगदी गुळगुळीतचा.

सासूबाई म्हणाल्या, "पाठवू नकोस." मी बघतच राहिले. "खरंच सांगते. पण मग पुढची पंधरा वर्षं तू त्या खुर्चीवरून जे तोंड करून घरी येशील ते मी बघायचं. तेवढं आधी ठरव."

पत्र लिहिलं. चार ओळी. विशेषण एकही नाही — मला किती जड गेलं! नावानिशी पाठवलं.

२७ मार्च, शुक्रवार

विद्यापीठाचं उत्तर. माझा पेपर रद्द, "परस्पर मूल्यमापनाच्या नैतिकतेचा भंग" म्हणून. एका ओळीत तीन चुका, पण अर्थ बरोबर. मामांचा पेपर दुसऱ्याने तपासला. अडुसष्ट.

खुर्ची गुळगुळीतला. त्याचा पहिला आदेश — स्वतःच्या नावाची पाटी. दुसरा आदेश — पाटी जरा डावीकडे. मी फायली उचलून त्या दोन खुर्च्या मोकळ्या केल्या आणि माणसांची मागणी टंकून त्याच्या टेबलावर ठेवली, मामांचे आकडे जोडून. "बघू या हं, मॅडम," म्हणाला. बघ. दर सोमवारी ठेवणार आहे.

मामांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी आज नेहमीसारखा दरवाजा धरला. माझी मान वर होईना.

२ एप्रिल, गुरुवार

दोन वाजता खिडकी बंद केली आणि दाराशी गेले. म्हटलं, "मामा, तुम्हाला चोवीस देणारी मीच."

"माहीत आहे, मॅडम."

"कधीपासून?"

"निकाल आला त्याच दिवशी. शेरे वाचताना तुमचा आवाजच ऐकू आला."

"मग त्या अर्जाचं मला कशाला विचारायला आलात?"

"अर्ज मी आदल्या दिवशीच भरला होता," मामा म्हणाले. "सहाव्या पानानंतर एकही शेरा नव्हता. म्हटलं, तुमचं पुढचं वाचायचं राहिलंय."