एकशेवीस मिलिमीटरची शांतता

५ मार्च २००६, रविवार. भोर.
या नोंदींतून एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे. आमच्या पुढच्या खोलीतला कॉम्प्युटर आवाज न करता थंड राहू शकतो; आणि तो तसा राहिला, तर माझ्या लेकीला, गुलनाजला, एसटी स्टँडजवळ गाळा घेण्याचे कारण उरत नाही.

गाळ्याचे तिने काल जेवताना सांगितले. डीटीपीचे काम तिकडे हलवणार. कारण दिले नाही. कारण मी काढले: कॅबिनेटमधला ऐंशी मिलिमीटरचा पंखा दिवसभर घरघरतो. पत्नी जोहरा त्याला "तुमच्या लेकीचं जातं" म्हणते. जिथे त्रास, तिथे स्थलांतर. व्याप्ती निर्दोष आहे. आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले. एका पंख्यापुढे हरणार नाही.

७ मार्च, मंगळवार.
बाजारात तीन आकार: ऐंशी, ब्याण्णव, एकशेवीस. पाते मोठे तर एका फेरीत हवा जास्त. हवा तेवढीच हवी, तर फेऱ्या कमी. फेऱ्या कमी, तर आवाज कमी. निगमन: एकशेवीस. ब्याण्णव हा तडजोड करणाऱ्यांचा आकार.

हे गुलनाजला समजावले. ती "बरं" म्हणाली. समोर विंझरचे सर्जेराव बसले होते. त्यांच्या मंडळाची चौदा एप्रिलच्या जयंतीची स्मरणिका ती जुळवते आहे. त्यांनाही आकृती काढून दाखवली. ते म्हणाले, "सर, आमी मजकूर द्यायला आलोय." आकृती संपल्यावर त्यांनी मजकूर दिला.

११ मार्च, शनिवार.
पुण्याहून पंखा आणला. कॅबिनेटला मागे जागा ऐंशीचीच. हा दोष कॅबिनेटचा, पंख्याचा नव्हे. धान्याच्या कोठ्या करणाऱ्या मानसिंग पत्रेवाल्याकडे नेऊन भोक मोठे करून घेतले. तो म्हणाला, "सर, कोठीला भोक पाडलं की दाणं सांडत्यात. ह्याच्यातनं काय सांडनार?" उष्णता, असे उत्तर दिले. तो बराच वेळ हसत होता.

१२ मार्च, रविवार.
कॅबिनेट विचारून न्यायचे होते, असे गुलनाजचे म्हणणे. काल गिऱ्हाइके परत गेली. एका दिवसाचा तोटा आणि पुढच्या वर्षांची शांतता यांची तुलना मी मांडू लागलो. दुसऱ्या मुद्द्याला ती उठली. तुलना एकट्याने पूर्ण केली.

१९ मार्च, रविवार.
मोठ्या पंख्याचीही बारीक गुणगुण आहे. जोहराला ती ऐकू येत नाही. परंतु तिचे ऐकणे हे प्रमाण नव्हे. बारा व्होल्टचा पंखा पाच व्होल्टवर जोडला. गुणगुण गेली. मात्र तो आपोआप सुरू होत नाही. पात्याला बोटाने हलका धक्का दिला की फिरू लागतो आणि मग फिरतच राहतो. म्हणजे व्होल्टेज हे कारण, आणि माझी तर्जनी हे निमित्तकारण. रचना सुंदर आहे.

भारनियमनामुळे वीज रोज जाते. प्रत्येक वेळी ती आल्यावर बोट लावावे, असे गुलनाजला सांगितले. ती म्हणाली, "अब्बा, गिऱ्हाइकाला बसवून मी पंख्याला बोट लावत बसू?" आक्षेप भावनिक आहे. तरी लावते.

२६ मार्च, रविवार.
लाघवाचा नियम: एकाने भागत असेल तर दुसरे कल्पू नये. प्रोसेसरवरचा छोटा पंखा काढून टाकला. एकशेवीस पुरेसा आहे.

गाळ्याचा विषय घरात निघालेला नाही. मौन ही संमती धरण्यास हरकत नाही.

४ एप्रिल, मंगळवार. दुपार.
गुलनाज प्रूफाचे कागद घेऊन विंझरच्या एसटीने गेली. वीज गेली होती, ती आली. मशीन सुरू केले, केवळ ऐकण्यासाठी. काहीही ऐकू येत नाही. एक कणही नाही. खुर्ची ओढून समोर बसलो. प्रतिज्ञा सिद्ध झाली आहे. घड्याळाची टिकटिक प्रथमच त्रासदायक वाटली.

जोहरा आतून म्हणाली, "अहो, जळल्याचा वास येतोय." शेजारी चूल आहे, वारा तिकडूनच येतो, सबब वास शेजारचा. ती म्हणाली, "शेजारचे परवापासून गावाला गेलेत." मग पलीकडच्या घराचा.

४ एप्रिल. सायंकाळ.
पडदा काळा. मशीन लागत नाही.

गुलनाज आली. तिने विचारले, पंखा फिरत होता का. मी सांगितले, आवाज अजिबात नव्हता. ती म्हणाली, "मी आवाजाचं विचारत नाही." मी पाहिले नव्हते. शांतता आधीच असल्यामुळे बोट लावण्याची आठवण झाली नाही. ती ओरडली नाही. ओरडली असती तर उत्तर देता आले असते.

७ एप्रिल, शुक्रवार.
मदरबोर्ड जळला. हार्ड डिस्कही उघडत नाही. स्मरणिका तिच्यातच होती. सीडीवर पहिली काही पानेच आहेत. सर्जेराव आले. त्यांना मी भारनियमनाची जबाबदारी समजावून सांगितली. शांतपणे ऐकून म्हणाले, "वीजमंडळाचं खरं हाय, सर. पर चौदा तारीख काय फुडं ढकलता येत न्हाई." गुलनाजने त्यांच्याकडचे प्रूफाचे कागद परत मागून घेतले. ते म्हणाले, "घे, पोरी. आमची सारिका येईल वाचून दाखवायला." ती अकरावीत आहे म्हणे.

१३ एप्रिल, गुरुवार.
स्टँडजवळच्या एका सायबर कॅफेत बसून दोघींनी सगळे पुन्हा टाइप केले. स्मरणिका आज छापून विंझरला गेली. एक प्रत घरी आली. आभाराच्या पानावर गुलनाजचे नाव आहे. शुद्धलेखन ठीक आहे.

१६ एप्रिल, रविवार.
टेम्पो आला. टेबल, प्रिंटर, खुर्ची गाळ्यावर गेली. मी दार धरून उभा राहिलो. जेवलो. झोपलो.

२३ एप्रिल, रविवार.
जोहराने डबा देऊन गाळ्यावर पाठवले. गुलनाजने जुने मशीन घेतले आहे. त्यात ऐंशीचा पंखा, चांगलाच घरघरतो. बाहेर वेल्ह्याची एसटी हॉर्न देत होती. आत भोंगवलीची दोन माणसे लग्नपत्रिकेतल्या नावांच्या क्रमावरून भांडत होती, "आत्याबाईचं नाव खाली घातलं तर लग्नात जेवनार कोन?" आणि गुलनाज मोठ्याने हसत होती. तिचे ते हसणे घरी मी कधी ऐकले होते, ते आठवत नाही. मी पंख्याकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले. मी डबा ठेवला. ती म्हणाली, "बसा, अब्बा, चहा सांगते." बसायला जागा नव्हती, गिऱ्हाइके होती. निघालो.

पुढची खोली आता पूर्ण शांत आहे. थंडही आहे. दोन्ही पदे सिद्ध आहेत.

युक्तिवादात चूक एकच झाली, ती नोंदवतो. गुलनाज का जाते आहे, हे मी सिद्ध केले. तिला विचारले नाही.

मन्सूर आतार