बांगड्याची बारीक अंडी

सर, माणसावर विश्वास ठेवायच्या आधी तुम्ही त्याची वही तपासायचात, आणि ती खोड मला तुमच्याकडूनच लागली. आज मी शिकवते, तर पोरांच्या वहीतली मापं दोनदा बघते. कुठेतरी पाणी मुरतंय, असंच आधी वाटतं.

ऐंशीच्या दशकातली ती उन्हाळी सहल आठवते. रत्नागिरीच्या धक्क्यावर आम्ही सौंसरच्या कॉलेजातल्या पोरी समुद्राकडे पाठ करून बांगडे निवडत होतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी त्यांची गाभोळी, म्हणजे अंड्यांच्या पिशव्या, फॉर्मॅलिनच्या बरण्यांत भरली, एका माशाची एका बरणीत. परतताना नागपूरहून सौंसरच्या बसमध्ये कंडक्टर बरणी उजेडात धरून विचारतो, "काय हाय यात? दारू त नाही ना?" माशाची अंडी म्हटल्यावर त्याने मला सगळ्यात मागे बसवलं.

मग प्रयोगशाळेतला तो दिवस. एकाच गाभोळीत मोठी पिकलेली अंडी, मधली आणि अगदी बारीक, तिन्ही एकत्र. दिसली तशी मापं मी लिहिली. तुम्ही वही बघता, सूक्ष्मदर्शकात बघता, पुन्हा वही बघता.

"हे दोन-तीन माशांचं एकत्र केलं तू. मले काय शिकवून राहिली? आपल्या तळ्यातली रोहू पाह्यली नाही का कधी? पाण्याचे दिवस आले का सारे अंडे एकदमच पिकते."

"नाही सर, एकाच बांगड्याचे हाय."

"बरणीतल्या चिठ्ठ्या बदलता येते, पोरी."

आदल्या वर्षी एका पोराने खोटी मापं देऊन तुम्हाला तोंडघशी पाडलं होतं. दुधाने तोंड पोळलं म्हणून तुम्ही ताक फुंकत होतात, हे मला कळत होतं, तरी अपमान व्हायचा तो झालाच. तुमची सही नसती तर माझं वर्ष जात होतं. घरी लग्नाची बोलणी चालू होती, दुसरं वर्ष मला कोणी दिलं नसतं.

मी नवा तक्ता केला. बारीक अंडी गाळली, मधली गाळली, फक्त मोठी ठेवली. तुम्ही सही केलीत, "आता जमलं" म्हणालात आणि तुमच्या बागेतली संत्री दिलीत. मी ती बसस्टँडवरच वाटून टाकली.

पुढे शिकताना कळलं, बांगड्याची मादी एकाच हंगामात टप्प्याटप्प्याने अंडी सोडते. एक खेप पिकते तेव्हा पुढची आत वाढत असते. समुद्राच्या माशाला तुम्ही तळ्याचा कायदा लावलात आणि मी तो लिहून दिला. हे सांगायला यायचं ठरवलं, तोवर तुम्ही गेला होतात. आता पत्र पाठवायचं कुठे?

एक गोष्ट मात्र छळते. सगळं दोनदा तपासणारे तुम्ही, नव्या तक्त्यातून ती बारीक अंडी गेली कुठे, हे विचारलंच नाहीत. मी ती मुद्दाम गाळली हे तुम्हाला कळलं होतं, असा माझा संशय आहे. पुरावा काही नाही. तुम्हीही सामील होतात असं धरलं की माझं खोटं अर्धंच उरतं, म्हणून तो संशय मी सोडत नाही.